एक डोळा, एक नळी

बँकेत बावीस वर्षं काढल्यामुळे माझ्यात एक कायमचा दोष उत्पन्न झाला आहे. मला कुठलीही वस्तू सरळ विकत घेता येत नाही. आमच्या शाखेत कचऱ्याची बादली घ्यायची झाली तरी तीन कोटेशनं मागवतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता करतात, तो तक्ता वर जातो, 'चौथं कोटेशन का नाही?' असा शेरा घेऊन खाली येतो, आणि तोपर्यंत कचरा जमिनीवर मुक्कामाला असतो. हाच खाक्या मी घरी आणला. लग्नाच्या वेळी मी तीन स्थळांचा तक्ता केला होता, असं आमची ही चारचौघांत सांगते. ते साफ खोटं आहे. स्थळं दोनच होती, आणि त्यातल्या एकाने कोटेशन मागे घेतलं.

अशा माणसावर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी दुर्बीण घ्यायची पाळी आली.

मुळात दुर्बीण हा आमच्या घराण्यातला पदार्थच नव्हे. आम्ही लालबागला चाळीत राहतो. समोरच्या बिऱ्हाडात आज कोणती भाजी आहे हे वासावरून कळतं आणि भांडण कशावरून झालं ते भिंतीतून. लांबचं जवळ आणायची गरजच काय? जवळचं थोडं लांब नेणारं यंत्र निघालं असतं तर चाळीने वर्गणी काढून घेतलं असतं. पण एका रविवारी टीव्हीच्या बातम्यांत शिवडीच्या खाडीतले फ्लेमिंगो दाखवले आणि आमचे अण्णा खुर्चीतून पुढे सरकले.

अण्णांचं वय ८१. गिरणीत मागावर होते. "हे शिवडीला?" ते म्हणाले. "मी इतकी वर्षं त्या बाजूला जात होतो. बगळ्याखेरीज काही दिसलं नाही."

मी सांगितलं, की हे पाहुणे मोठ्या संख्येने यायला लागले ते १९९० नंतरच्या दशकात. चिखलात शेवाळ वाढलं, त्यांना खायला मिळायला लागलं.

"म्हणजे संपानंतर," अण्णा म्हणाले. आमच्या घरात कालगणनेचे दोनच भाग आहेत, संपाआधी आणि संपानंतर. १८ जानेवारी १९८२ हा मधला दिवस. "गिरण्या बंद झाल्या आणि हे आले. भोंगा वाजत नाही म्हटल्यावर धीर झाला असेल." मग थोड्या वेळाने, टीव्हीकडेच बघत, "जवळून बघितले पाहिजेत एकदा."

अण्णा काही मागत नाहीत. शेवटचं काही मागितलं होतं ते बहुधा बोनस. त्यामुळे मी हे वाक्य ताबडतोब इनवर्ड रजिस्टरात चढवलं.

आता पक्षी बघायचे तर सर्वसाधारण माणूस दोन नळ्यांची दुर्बीण घेतो आणि गळ्यात अडकवून मोकळा होतो. आमच्याकडे तो मार्ग बंद होता. १९७८ साली मागावरचा धोटा उडाला आणि अण्णांच्या उजव्या डोळ्यावर बसला. मी जन्मलो त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा अण्णांनी मला कधी दोन डोळ्यांनी बघितलेलं नाही. पूर्ण बघितलं असतं तर इतकी माया केली नसती, असं आमची ही म्हणते. संपानंतर त्यांनी एका गोदामावर वॉचमनची नोकरी केली. एका डोळ्याचा वॉचमन कसा ठेवला, असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "पगार अर्धा देतात, लक्षही अर्धंच ठेवायचं ठरलंय." तर अशा माणसासाठी दोन नळ्यांची दुर्बीण घेणं म्हणजे दुसऱ्या नळीचे पैसे खात्यात न वापरता पडून राहणं. हे कॉमर्सच्या पदवीधराला पटेना.

चौकशी केल्यावर कळलं, की एका डोळ्याच्या माणसासाठी दोन प्रकारची सोय आहे. एक मोनोक्युलर, म्हणजे दुर्बीण मधोमध कापून अर्धी विकतात ती. वजन पाव-अर्धा किलो, खिशात मावते, आठ-दहा पटींनी मोठं दाखवते. दुसरा स्पॉटिंग स्कोप. ही चांगली हातभर लांब नळी, दीड-दोन किलोची, तिपाईवर बसवायची, वीसपासून साठ पटींपर्यंत मोठं दाखवणारी. अण्णांनी दोन्हींची नावं ऐकून घेतली आणि पहिलीला 'एकनळी' व दुसरीला 'तोफ' अशी नावं ठेवली. ती घरात रूढ झाली.

मी शाखेत सल्ला विचारला, ही चूक. रोहित पक्षी बघायला दुर्बीण घ्यायची आहे, असं शुद्ध मराठीत सांगितल्यावर अर्ध्या स्टाफने मला वानखेडेचं तिकीट काढायला सांगितलं. हेड कॅशिअर गिरगावातल्या खेतवाडीचे. पक्षीतज्ज्ञ सलीम अली लहानपणी खेतवाडीत वाढले, या एका भांडवलावर ते स्वतःला या विषयातले अधिकारी समजतात. "अहो, सलीम अलींनी लहानपणी चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती घेऊन नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून सगळं सुरू झालं. दुर्बीण कुठे होती?" मी म्हटलं, "छर्ऱ्याची बंदूक होती." त्यावर ते नोटा मोजायला लागले. कर्ज विभागातल्या नव्या मुलाने मोबाइलवर झूम करून समोरच्या इमारतीवरचं कबूतर दाखवलं. ते कबूतर आहे हे त्याने सांगितलं म्हणून कळलं.

घरी वेगळाच सूर. "तोफ आणा आणि गॅलरीत लावा," आमची ही म्हणाली. "म्हणजे समोरच्या टॉवरवाले पोलिसांत जातील." हा मुद्दा माझ्या तक्त्यात नव्हता. समोर जिथे अण्णांची गिरणी होती तिथे आता बेचाळीस मजली टॉवर आहे आणि त्याला नुसत्या काचा आहेत. तिपाईवर नळी बसवून त्या दिशेला उभा राहिलेला चाळिशी उलटलेला गृहस्थ पक्षीनिरीक्षण करतो आहे, यावर कोण विश्वास ठेवील? चाळीतल्या एका काकांनी तर आधीच मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "कितवा मजला?"

मधल्या एका शुक्रवारी चोरबाजारात मटण स्ट्रीटलाही जाऊन आलो. तिथे पितळेची, सरकवून लांब करायची जहाजावरची दुर्बीण मिळाली. तिच्यातून पाहिलं तर समोरचा दुकानदार तर दिसलाच, पण त्याच्याभोवती इंद्रधनुष्यही दिसलं. दुकानदार म्हणाला, अँटिक आहे. मी म्हटलं, अँटिक घरी आहे, त्याला दिसेल असं काहीतरी हवंय.

शेवटी फोर्टातल्या एका जुन्या दुकानात गेलो. काउंटरवर पांढऱ्या मिशांचे एक शांत गृहस्थ होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले. किती लांबचं बघायचं, किती वेळ बघायचं, आणि बघणार कोण? पहिल्या दोहोंची उत्तरं मी तक्त्यातून वाचून दाखवली. तिसऱ्याला "आमचे वडील" म्हटलं आणि लगेच किंमत विचारली. माणसाने प्रश्न नीट ऐकावा. पण काउंटरच्या आतल्या बाजूला बावीस वर्षं बसलेल्याला ती सवय राहत नाही.

त्यांनी मला दुर्बिणीवरचे आकडे वाचायला शिकवलं, ते मात्र मी जन्मात विसरणार नाही. एकनळीवर '८ बाय ४२' लिहिलेलं होतं. आठ म्हणजे आठपट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागायचं, सव्वापाच. डोळ्याशी येणारा उजेडाचा ठिपका एवढा मोठा. तोफेवर '२० ते ६० बाय ६०'. वीस पटींना ठिपका तीन मिलिमीटरचा, साठ पटींना एकच. म्हणजे पट वाढवाल तसं चित्र काळवंडतं आणि दिसणारा भागही आक्रसत जातो. हे मला झटकन कळलं. पुढचं भिंग म्हणजे भांडवल. भांडवल तेवढंच ठेवून भागीदार वाढवले की प्रत्येकाच्या हाती येणारा लाभांश कमी. साठ पटींच्या आकड्याला भुलणारा माणूस आणि साठ टक्के व्याजाच्या योजनेला भुलणारा माणूस एकाच आईची लेकरं.

मी अकरा रकान्यांचा तक्ता केला. किंमत, वजन, पट, उजेड, घसारा, पाऊस लागल्यास काय, अण्णांच्या पश्चात उपयोग (हा रकाना मी नंतर खोडला), शिवाय प्रति पक्षी खर्च. एकनळी ४,२०० रुपयांना. तोफ तिपाईसकट ३१,५००. खाडीवर समजा पाचशे पक्षी दिसले, तर एकनळीत पक्षी पडतो आठ रुपये चाळीस पैशांना आणि तोफेत त्रेसष्ट रुपयांना. निकाल उघड होता. एकनळी घेतली. अण्णांनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाले, "सुबक आहे."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी टॅक्सी करून अण्णा, मी आणि आमची मुलगी शिवडीच्या जेट्टीवर गेलो. साडेआठ वाजले होते. समोर खाडी नव्हतीच. नुसता चिखल, पार लांबपर्यंत, आणि त्या चिखलाच्या टोकाला एक फिकट गुलाबी रेघ, कुणी खडूने ओढून बोटाने पुसावी तशी. वर उजवीकडे अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला, सरळ समुद्रात घुसलेला. आणि सूर्य अगदी समोर. शिवडीची खाडी पूर्वेला आहे, सकाळी ऊन तोंडावर येणार, हे कळायला अकरा रकाने लागत नाहीत. दुर्बिणीतून चुकूनही सूर्याकडे बघू नये, डोळा जातो, असं माहितीपत्रकावर लाल अक्षरात छापलेलं होतं. इथे तर एकच डोळा शिल्लक. मी अण्णांच्या समोर छत्री धरून उभा राहिलो.

अण्णांनी एकनळी डोळ्याला लावली. बराच वेळ बघितलं.

"दिसले?"

"दिसले की. छान आहेत. गुलाबी आहेत."

मला धन्य वाटलं. परत येताना टॅक्सीत अण्णा सहज म्हणाले, "आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती झाली, म्हणजे दहाला पूर्ण ओहोटी. पाणी लांब, म्हणून पक्षीही लांब." अण्णा गुहागरकडचे. तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणात शाळेत जाण्याआधी शिकवतात.

"मग अण्णा, आधी नाही का सांगायचं?"

"तू तक्ता केला होतास. म्हटलं त्यात असेल."

रात्री मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होतो. आत मुलगी आजोबांना विचारत होती, तिला शाळेत चित्र काढून न्यायचं होतं. "आजोबा, त्याची चोच कशी होती?"

"चोच ना? चोचीसारखी."

"वाकडी की सरळ?"

अण्णा जरा थांबले. मग आवाज खाली करून म्हणाले, "अगं, माझा हात हलतो. त्याबरोबर तेही हलतात. नुसता गुलाल उधळल्यासारखं दिसलं. तुझ्या बाबाला सांगू नकोस. एवढा तक्ता केलाय त्याने."

अण्णांचा हात तीनचार वर्षांपासून थरथरतो. चहा बशीत सांडतो म्हणून आम्ही त्यांना मग दिला होता. अर्धाच भरून देतो. म्हणजे मला माहीत होतं. आठ पटींची नळी पक्षी आठपट करते तसा हाताचा कंपही आठपट करते, हेही त्या मिशीवाल्यांनी सांगितलं होतं. धडधाकट माणसालाही दहा पटींच्या वर हातात धरून बघवत नाही. "बघणार कोण?" हा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. माझ्या तक्त्यात घसाऱ्याला रकाना होता आणि हाताला नव्हता. मी कपडे तिथेच दोरीवर परत घातले आणि थोडा वेळ उभा राहिलो. समोरच्या टॉवरवाल्यांनी काय समज करून घेतला असेल तो असो.

दुसऱ्या दिवशी मी तोफेचा विषय काढायला घाबरत घाबरत सुरुवात केली. तिपाईवर ठेवली की हात लावावाच लागत नाही, नुसता डोळा न्यायचा... आमच्या हिने मधेच पोह्यांचा डबा काढला. डब्यात पोहे नव्हते, भिशीचे पैसे होते. उरलेले मी रजेच्या पैशांतून घालणार होतो. मी म्हटलं, "अगं, मी एकदा तुलनात्मक..."

"तक्ता नको," ती म्हणाली. "पावती आणा."

मिशीवाल्यांनी मला ओळखलं. या वेळी मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली. ८१ वर्षं, डावा डोळा, त्यातही मोतीबिंदू काढून भिंग बसवलेलं, चष्मा आहे, उभं राहवत नाही, हात हलतो. ते ऐकत गेले आणि सरळ नळीचा स्कोप बाजूला ठेवून वाकड्या मानेचा पुढे केला. यात डोळा लावायची जागा पंचेचाळीस अंशांत वर वळवलेली असते. स्टुलावर बसून, भांड्यात वाकून बघावं तसं बघता येतं. पक्ष्यावर नेम धरायला सरळ नळी सोपी, पण तो नेम मुलाने धरायचा, वडिलांनी नुसतं बघायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडचा रबर खाली फिरवायचा. "आणि वीस पटींच्या फार वर नेऊ नका," ते म्हणाले. "दुपारी चिखलावरची हवा तापते आणि नाचते. साठ पटींत नाचच दिसतो."

आता मुहूर्त. भरती संध्याकाळची हवी, म्हणजे दुपारी पाणी चढताना पक्षी किनाऱ्याकडे सरकतील आणि सूर्य आपल्या पाठीशी असेल. भरती फार मोठी नको, नाहीतर चिखल बुडतो आणि पक्षी उठून जातात. आणि मला सुट्टी हवी. मुलीच्या लग्नालाही एवढे योग जुळवावे लागणार नाहीत. अण्णांनी कालनिर्णय मांडीवर घेतलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, "दासनवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. भांगाची भरती, पाणी बेताचं. आणि तुझा चौथा शनिवार." बँकेत वर कुठे जागा असती तर मी त्यांची शिफारस केली असती.

दासनवमीला चार वाजता आम्ही जेट्टीवर होतो. तिपाई, तोफ, घडीचं स्टूल, चहाचा थर्मास, आणि या वेळी आमची हीसुद्धा. पाणी चढत होतं. गुलाबी रेघ आता रेघ राहिली नव्हती, तिला पाय फुटले होते. मी नेम धरला, रबर खाली फिरवला, अण्णांचं स्टूल सरकवलं आणि म्हटलं, "हात लावू नका, नुसते वाका."

अण्णा वाकले. हात मागे पाठीशी धरले होते, मागावरच्या जॉबरने काही दाखवावं आणि नवशिक्याने बघावं तसे.

काही बोलेचनात. मला वाटलं, पुन्हा गुलाल. मी विचारणार तेवढ्यात ते म्हणाले, "चोच वाकडी आहे. मधेच मोडल्यासारखी. आणि डोकं उलटं करून खातो हा." मग, "याची चोच काळपट लाल आहे. तो मागचा उंच आहे, त्याची चोच फिकी, नुसतं टोक काळं. दोन जाती आहेत का रे?"

दोन आहेत. लहान रोहित आणि मोठा रोहित. एकनळीतून मला स्वतःला हा फरक दिसला नव्हता.

एव्हाना आमच्यामागे रांग लागली होती. मुंबईत माणूस कशाला तरी डोळा लावून बसला की रांग लागतेच. लालबागला राहून अण्णांना रांगेचं शास्त्र पाठ आहे. त्यांनी एकेकाला "बघा, बघा, चला, पुढच्याला बघू द्या" असं करत अर्ध्या मिनिटात मुखदर्शन दिलं आणि दर तीन माणसांनंतर स्वतःचा नंबर लावला. एका लहान मुलाला दोनदा दिलं. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, किती तिकीट?

आमची ही एकनळी घेऊन अटल सेतूवरच्या गाड्या बघत होती. ४,२०० अगदीच वाया गेले नाहीत. आता ती गॅलरीच्या कठड्यावर टेकवून नाक्यावरच्या भाजीवाल्याकडे मेथी आली का ते बघते. तो कठडा तिची तिपाई.

पाणी बरंच चढलं तेव्हा एक पक्षी थव्यापासून जरा बाजूला येऊन थांबला. मी नळी त्याच्यावर आणली. अण्णा वाकले आणि या वेळी रांगेला विसरले.

"एका पायावर उभा आहे," ते म्हणाले. "बराच वेळ झाला. आता... हां, बदलला पाय. आम्ही पण असेच. आठ तास मागापुढे उभं राहायचं म्हणजे काय, खाली बसायची सोय नाही. मग हा पाय उचल, तो पाय उचल. मुकादम आला की दोन्ही खाली."

मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं. २०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की फ्लेमिंगोला एका पायावर उभं राहायला स्नायूंचे कष्ट जवळजवळ पडतच नाहीत. त्याच्या सांध्यांची रचनाच अशी आहे, की शरीराचं वजन त्याला आपोआप तोलून धरतं. झोपेतसुद्धा तो तसा उभा राहतो.

"कष्ट पडत नाहीत?"

"जवळजवळ नाहीच."

"मग बरं आहे त्यांचं," अण्णा म्हणाले आणि डोळा नळीलाच लावून ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, आमचा नंबर." आमच्या हिने त्यांना थर्मासमधला चहा ओतून दिला.